चांगल्या वाणाचे रक्त

आकुरेयरी, २ नोव्हेंबर

श्रीमती ओद्नी यांस,

स्वानबोर्गच्या अंत्यविधीनंतर आपल्याला पत्र लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. आपण त्या दिवशी का आला नाहीत, हे मी विचारत नाही. एकुलत्या एका बहिणीला निरोप द्यायचा की डोंगरावरून मेंढ्या उतरवायच्या, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पत्राचे कारण वेगळे आहे.

काल सहकारी भांडारात आपले शेजारी ग्रीमुर भेटले. आपली चौकशी करणे शिष्टाचाराला धरून होते, म्हणून मी केली.

ते म्हणाले, "ओद्नी ना? मजेत! देशभर सगळ्यांनी रक्त तपासून घेतलं तेव्हा तिनंही घेतलं. निकाल काय आलाय ठाऊक आहे? चांगल्या वाणाचं रक्त! प्रदर्शनात एडक्याला पदक मिळावं तशी मिरवतेय तेव्हापासून." मग टोपी मागे सारून ते हसले. "फक्त तिला बूट चढेनासे झालेत. संध्याकाळी घोटे पावासारखे फुगतात. परवा माझे बूट घेऊन गेली, परत द्यायचं नाव नाही."

माझ्या हातात राय धान्याचा पाव होता. तो मी परत फळीवर ठेवला आणि काहीही न घेता घरी आलो.

ओद्नी, त्या निकालावर जे नाव आहे ते मला पाठ आहे. "चांगल्या वाणाची, एका कळपाची प्रतिपिंडवाढ." आपल्या आइसलँडिक भाषेला परक्या शब्दांचा विटाळ होतो, म्हणून आपण प्रत्येक रोगाला घरचे नाव देतो. मी आयुष्यभर डॅनिश शिकवले. डॅनिश माणसाला हाच निकाल लॅटिन शब्दांत मिळतो. तो घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसतो. आपल्याला वाण ऐकू येतो, कळप ऐकू येतो, आणि मेंढपाळाची लेक खूष होते. स्वानबोर्गलाही हेच नाव मिळाले होते. त्या दिवशी आम्ही नवरा-बायकोने केक आणला होता.

तिच्या मूत्रपिंडांच्या डॉक्टर स्टेइनुन यांनी नंतर आम्हाला सांगितले होते, "वाण चांगला म्हणजे तो कर्करोग नाही, एवढंच. शेजाऱ्यांशी तो कसा वागतो, हे नावात लिहिलेलं नसतं." बहुतेकांच्या रक्तात तो कळप जन्मभर निमूट चरत राहतो, हेही त्या म्हणाल्या. पण बहुतेकांचे पाय सुजत नाहीत.

आपण लघवी तपासून घ्यावी. माझी विनंती एवढीच आहे.

आपला,
एग्गर्ट


आकुरेयरी, १६ नोव्हेंबर

श्रीमती ओद्नी यांस,

आपला फोन आला. संभाषण अर्धवट राहिले. काय ठरले आणि काय नाही हे स्पष्ट असावे, म्हणून ते मी येथे नोंदवतो.

आपण म्हणालात, "मास्तर, पत्र मिळालं. लाल शाईनं तपासून परत धाडू का?"

मी विचारले, "आपण पाय बोटाने दाबून पाहिलात का?"

"आपण म्हणजे कोण? इथे मी आणि कुत्रा, दोघंच. कुत्र्याचे पाय ठणठणीत आहेत."

"दाबल्यावर खळगा राहतो का?"

"राहतो की. बटाटा लावता येईल त्यात."

"आणि लघवीला फेस येतो का?"

 मग म्हणालात, "भावोजी, इतक्या वर्षांत 'कॉफी घेणार का' एवढंसुद्धा तुम्ही मला न अडखळता विचारलं नाहीत, आणि आज एकदम लघवी! येतो फेस. ताज्या दुधाच्या बादलीवर येतो तसा. झालं समाधान?"

मी समजावून सांगू लागलो, तोच आपण मला थांबवलेत. "बोलू नका. तुम्ही बोलायला लागलात की मला वर्गात बसल्यासारखं होतं, आणि डॅनिशमध्ये मी नापास झाले होते. लिहून पाठवा. लिहिलेलं कुत्र्यालाही वाचून दाखवता येतं."

म्हणून लिहितो.

मेंढ्या उतरल्यावर आपण त्यांना गोल वाड्यात घेता. मधल्या अंगणात सगळ्या मिसळलेल्या असतात. मग एकेकीच्या कानाची खूण पाहून ज्याची त्याची मेंढी ज्याच्या त्याच्या कप्प्यात ढकलली जाते. रक्तातील प्रतिपिंडांची निवड प्रयोगशाळेत जवळपास अशीच होते. निरोगी माणसाच्या अंगणात असंख्य खुणांच्या मेंढ्या असतात, प्रत्येक खुणेच्या थोड्या थोड्या. कारण हाडांच्या मज्जेतील प्रत्येक पेशी एकाच घाटाचे प्रतिपिंड घडवते, एकाच शत्रूसाठी. गोवराचे वेगळे, काविळीचे वेगळे. अजून जन्माला न आलेल्या रोगासाठीही कोणीतरी आधीच तयार बसलेले असते. हे प्रथम ऐकले तेव्हा मी स्टेइनुनना पुन्हा सांगायला लावले. मला वाटले, मी चुकीचे ऐकले.

आता त्यांतील एक पेशी मरायचे विसरते. ती स्वतःसारखी दुसरी करते, दुसरी तिसरी करते, आणि सगळ्या मिळून तोच एक घाट घडवत राहतात. शत्रू कोणीही नाही. एका खुणेचा कप्पा भरून वाहतो. हाच तो एका कळपाचा निकाल.

कळप लहान असला तर डॉक्टर त्याला चांगल्या वाणाचा म्हणतात. पण लहान कळप कुठे चरतो, याला महत्त्व आहे. मूत्रपिंडात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ असतात, लाखो. शरीरातील सगळे रक्त दिवसभर त्यांतून पुन्हा पुन्हा गाळले जाते. विष बाहेर, प्रथिने आत. कोणी लक्ष देत नाही, कोणी आभार मानत नाही. स्वानबोर्गचा कळप ज्या प्रतिपिंडांचे तुकडे टाकत होता, ते त्या गाळणीत अडकत आणि एकमेकांत गुंतत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात आटून त्याचा घट्ट, जाड नमदा होतो, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. नमद्याची पुन्हा लोकर करता येत नाही. नमदा झालेल्या गाळणीतून प्रथिने गळू लागतात. आपल्या बादलीवरचा फेस म्हणजे तेच.

तिच्या मूत्रपिंडाचा सुईने तुकडा काढला, तेव्हा तिने हट्ट धरला की तो ती स्वतः पाहणार. स्टेइनुन आम्हाला सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेल्या. तुकड्याला लाल रंग दिला होता. तो आधी फिकट गुलाबी दिसत होता. मग त्यांनी भिंगाखालची एक चकती फिरवली आणि गुलाबीतून हिरवा उजेड पेटला. मी दुसरा शब्द वापरू शकत नाही. गुच्छांच्या कडाकडांनी, धाग्याधाग्याने तो पेटला.

स्टेइनुन म्हणाल्या, "आम्ही याला सफरचंदाचा हिरवा म्हणतो."

स्वानबोर्ग डोळा न काढता म्हणाली, "आमच्या खोऱ्यात कुठली सफरचंदं? शेवाळ म्हणा. झऱ्याच्या तोंडाशी असतं ना, तसलं. ओद्नीला विचारा, ती घोड्यावरून उतरून त्याला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही." मग मला म्हणाली, "बघ ना एग्गर्ट! बाहेरून मला इतकं सुंदर कधी कोणी म्हटलं नव्हतं."

मी पाहिले. जे तिला मारत होते ते इतके नीटस होते की मला, क्षमा असावी, टोपी काढावीशी वाटली. तोपर्यंत तसलाच नमदा तिच्या हृदयातही बसलेला होता. औषधाने कळप आवरला; हृदय आवरले नाही.

आपण लघवीची बाटली द्यावी.

आपला,
एग्गर्ट


आकुरेयरी, ५ डिसेंबर

श्रीमती ओद्नी यांस,

आपण पाठवलेली वस्तू मिळाली. ग्रीमुर यांनी ती लोकरीच्या मोज्यात गुंडाळून, वर तांबडी फीत बांधून माझ्या दारात ठेवली. नाताळ जवळ आल्यामुळे मी ती खिडकीत, मेणबत्त्यांच्या शेजारी ठेवली आणि आभाराचे पत्र लिहायला बसलो. मग मोजा ओला असल्याचे लक्षात आले. बाटल्या दवाखान्यात द्यायच्या असतात, ओद्नी. दिवंगत बहिणीच्या नवऱ्याला नाही.

तरीही मी ती स्वतः नेऊन दिली. प्रथिने फार आहेत. स्टेइनुन आपल्याला फोन करतील आणि मूत्रपिंडाचा तुकडा काढायला हवा, असे सांगतील. आपण नाही म्हणू नये.

दुसरी गोष्ट. ग्रीमुर यांना मी कॉफीसाठी आत बोलावले. मी अंत्यविधीविषयी काहीतरी बोललो असेन. ते कप बाजूला सारून म्हणाले, "तिनं सांगू नका म्हणून बजावलं होतं. पण मास्तर, तुम्ही तिला चुकीचे गुण देताय."

मग त्यांनी सांगितले. उत्तरेकडून हिमवादळ येत होते आणि मेंढ्या अजून वरच्या पठारावर होत्या. सगळ्या खोऱ्याने आपल्याला म्होरक्या निवडलेले होते. म्होरक्या खाली उतरला असता तर हाकणाऱ्यांची रांग तुटली असती आणि कळप बर्फाखाली गेले असते. हे मला ठाऊक होते. जे ठाऊक नव्हते ते असे: येथे चर्चमध्ये घंटा व्हायच्या वेळी आपण कड्यावर रांग थांबवलीत. घोड्यावरून उतरलात. सगळे उतरले. वारा इतका होता की टोप्या छातीशी धरून ठेवाव्या लागल्या. आपण एकटीने स्तोत्र म्हटलेत, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. तोवर मेंढ्या वळून पुन्हा वर पळाल्या आणि सकाळपासूनची मेहनत वाया गेली.

ग्रीमुर म्हणाले, "बर्फ तोंडावर होता, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. पोरंटोरंसुद्धा उभी राहिली. संपल्यावर ती काय म्हणाली सांगू? 'माझी बहीण बोग्गा असती तर म्हणाली असती, सूर लागला नव्हता. चला, मेंढ्या गेल्या बघा.' आणि पुन्हा घोड्यावर."

 चर्चमध्ये वाद्य होते, गायकवृंद होता, फुले दक्षिणेतून मागवलेली होती. सगळे यथास्थित होते. आणि त्याच घटकेला तिचे स्तोत्र खरे तर कुठे चालू होते, हे मला आज कळले.

स्वानबोर्ग जाण्यापूर्वी म्हणाली होती, "ओद्नी यायची नाही. आली तर मी शवपेटीतून उठून तिला परत डोंगरावर पाठवीन." हे वाक्य मी पहिल्या पत्रात लिहिले नाही. आता लिहितो.

एग्गर्ट


आकुरेयरी, ९ फेब्रुवारी

प्रिय ओद्नी,

आपण पलीकडच्या खोलीत पाठीवर सरळ पडून आहात. सुई टोचल्यानंतर हलायचे नसते, आणि माझ्याशी बोलायचे नाही, असे आपण मला दोनदा बजावले आहे. म्हणून व्हरांड्यात बसून लिहितो. परिचारिका हे आपल्याला वाचून दाखवील.

आपण आत जाताना स्टेइनुनना जे म्हणालात ते मी ऐकले. "तुकडा हवा तेवढा घ्या, पण मेमध्ये मी घरी पाहिजे. मेंढ्या माझ्यासाठी थांबणार नाहीत."


१३ फेब्रुवारी. वरील मजकूर त्या दिवशी पाठवला नाही. परिचारिका म्हणाली, आपण झोपलात.

निकाल आपल्याला कळला आहे, तरी मी पाहिलेले लिहितो. मी स्टेइनुनना विनंती केली होती आणि आपण परवानगी दिली होतीत, "बघू दे त्याला, नाहीतर त्याला झोप यायची नाही" या शब्दांत. भिंगाखाली चकती फिरवली, आणि अंधारच राहिला. हिरवे काहीही नव्हते. आपला रोग स्वानबोर्गचा नव्हे. 

मग त्यांनी दुसरी काचपट्टी लावली, तिच्यावर उजळणारा रंग होता. एका प्रकारच्या प्रतिपिंडासाठीचा रंग: काळोख. दुसऱ्यासाठीचा: काळोख. तिसऱ्यासाठी लावला तेव्हा आकाश उजळावे तसे प्रत्येक गुच्छाचे अंतरंग उजळले. तीच एक खूण, सगळ्या लाखांमधली, तिथे जाऊन बसली होती. स्टेइनुन म्हणाल्या, "पेशी मोजल्या तर मूठभरही भरणार नाहीत. रक्ताच्या डॉक्टरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, घरी जा. आणि बघा, मूत्रपिंडाचं काय करून ठेवलंय."

मी विचारले, "हे परत लोकर होईल का?"

त्या म्हणाल्या, "हा अजून नमदा नाही. कळप हटवला तर गाळणी बरीचशी स्वतःला साफ करते. हृदय स्वच्छ आहे तिचं. पण आत्ताच सुरू करायचं आणि मध्ये थांबायचं नाही."

ओद्नी, शरीर जे बिघडवते तेच ते झाडूनही काढू शकते, हे मला कोणी का सांगितले नव्हते? मी निवृत्त माणूस आहे. मला शिकायला इतके उशिरा मिळावे!

आपण मात्र स्टेइनुनना म्हणालात, "मग वेत झाल्यावर जूनमध्ये सुरू करा." त्यांनी सांगितले की जूनपर्यंत वेळ नाही. शिवाय या औषधाने अंगातली सगळी राखण झोपते, म्हणून विणाऱ्या मेंढीच्या जवळही जायचे नाही. तिची वार, तिचे रक्त, नवजात कोकराचा ओलावा, यांतील जंतू आपल्याला मारतील. आपण टोपी घातलीत आणि म्हणालात, "म्हणजे जगायचं, पण घरी जायचं नाही. छान वाण आहे हा." आणि गाडीत जाऊन बसलात.

मी रात्रभर विचार केला असे लिहिणार नाही. मी विचार फार केला नाही. आपण माझ्या घरी राहावे. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे. स्वानबोर्गची खोली रिकामी आहे. आणि मी आपल्या शेतावर जाईन.

होय, मला ठाऊक आहे. कृपया हसणे संपल्यावर उत्तर द्यावे.

एग्गर्ट


आपले शेत, १४ मे

प्रिय ओद्नी,

हे पत्र ग्रीमुर आपल्याला आपल्या स्वच्छ कपड्यांबरोबर देतील. ते आत येणार नाहीत. कपडे पायरीवर ठेवतील, कारण ते काल दिवसभर माझ्याबरोबर गोठ्यात होते. आपणही त्यांना आत घेऊ नये, कितीही कोपरखळ्या मारल्या तरी.

स्टेइनुन यांचा निरोप मिळाला. प्रथिने निम्म्याहून खाली आली आहेत. आपण निरोपाखाली जोडलेत, "पाय पुन्हा माझे झालेत, आता घरी येते." येऊ नये. औषध संपलेले नाही. कळपातील एक जरी शिल्लक राहिली, तरी ती पुन्हा तोच घाट घडवू लागेल. हे आपल्या लक्षात आणून देणे माझे कर्तव्य आहे. आपण येथे आलात तर मी फाटकाला कडी लावीन.

मेंढ्यांचे म्हणाल तर पहिल्या दिवशी ग्रीमुर म्हणाले, "मास्तर, टाय काढा. ती तो खाईल." मी काढला, पण उशीर झाला होता. तेव्हापासून मी पुष्कळ शिकलो. हात कोपरापर्यंत आत घालून पुढचा पाय कोणता आणि मागचा कोणता हे ओळखता येते. कोकरू श्वास घेत नसेल तर गवताची काडी नाकात घालायची. ते शिंकते. हे मी स्वतः केले. एक पूर्ण मेलेला प्राणी शिंकला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. ओद्नी, आपण हे दर वर्षी पाहता, आणि तरीही जेवताना हवामानाविषयी बोलता?

मला वारंवार वाटते की या प्रत्येकाच्या आत ते लाखो गुच्छ आधीच गाळू लागलेले आहेत. कोणीही शिकवलेले नाही. उभे राहता येत नाही, पण रक्त स्वच्छ करता येते. पहिले दूध पिताना आईची सगळी प्रतिपिंडे त्यांच्यात उतरतात, एका दिवसात, असंख्य खुणांची. ग्रीमुर म्हणतात म्हणूनच पहिले दूध चुकवायचे नसते. मी त्यांना कारण समजावून सांगितले. ते म्हणाले, "बरं. आता बादली धरा."

आता मुख्य प्रश्न. करड्या, वाकड्या शिंगाच्या मेंढीला आज सकाळी तीन कोकरे झाली. दोघांना ती चाटते. तिसरीला ढुशी मारते. मी तिला दोन वेळा पुढे केले, आणि दोन्ही वेळा ती भिंतीवर आपटली. ग्रीमुर म्हणतात की अशा मेंढीपाशी आपण गुडघे टेकून बसता आणि तिच्या कानात काहीतरी बोलता, आणि मग ती घेते. काय बोलता हे त्यांना माहीत नाही. ते म्हणतात, त्या वेळी आपण कोणाला जवळ येऊ देत नाही.

कृपया ते शब्द लिहून पाठवावेत, अगदी जसेच्या तसे. शिव्या असल्या तरी चालतील. फोनवर सांगू नये, आपण हसाल आणि मला नीट ऐकू येणार नाही. मी पाठ करीन आणि चूक न करता म्हणेन.

ग्रीमुर परतेपर्यंत मी तिसरीला बाटलीने पाजतो आहे. ती माझ्या कोटाच्या आत आहे आणि बटण खाते आहे.

आपला,
एग्गर्ट